दुसऱ्या पानावरची ओळ

बंदराच्या मागच्या वस्तीत त्यांना सगळे ठसेबाई म्हणत. खरं नाव दवाखान्याच्या हजेरीपटावर होतं आणि तिथंच पडून होतं. क्षयाच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाच्या दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळे आणि चेहरा मशीनमध्ये घेणं हे त्यांचं काम. एकाच्या गोळ्या दुसऱ्यानं नेऊ नयेत, कुणाचा डोस चुकू नये, एवढ्यासाठीच हे आहे, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्याच शब्दांत त्या ते लोकांना सांगत.

वस्तीतले बहुतेक जण समुद्रापलीकडून आलेले. कुणाकडे कागद होते, कुणाकडे अर्धे होते, कुणाकडे मुळीच नव्हते. मशीन दिसलं की रांग मागच्या मागे विरघळायची. पण ठसेबाईंचं सगळं बालपण वडिलांच्या फोटो स्टुडिओत गेलेलं. कॅमेऱ्यासमोर आखडलेल्या माणसाला दोन वाक्यांत सैल कसं करायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. "काका, एवढा गंभीर चेहरा नको, मशीन घाबरेल," म्हणायच्या, आणि काका हसले की तेवढ्यात हात धरून काचेवर ठेवायच्या. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणत, "तुमच्याशिवाय ही वस्ती आमच्या हाताला लागली नसती." हे ऐकून ठसेबाईंना फार बरं वाटे. अडीच वर्षांत तेवीसशे माणसं त्यांनी नोंदवली.

मशीनच्या पडद्यावर कोपऱ्यात एक चौकोन होता. 'ठसे मिळू शकले नाहीत' असं लिहिलेला. कुणाची बोटं फारच झिजलेली असतील, तर त्या चौकोनात खूण करायची आणि पुढं जायचं, नुसत्या नावावर गोळ्या मिळायच्या. इतर दवाखान्यांत तो चौकोन रोज वापरला जाई. ठसेबाईंनी एकदाही वापरला नाही. त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्रही मिळालं होतं. नवरा छापखान्यात बाईंडर होता. त्यानं ते पुठ्ठा लावून, कडा बांधून भिंतीवर लावलं.

जाळी विणणाऱ्या आजी आल्या, तेव्हा तो चौकोन वापरायला हवा होता. पन्नास वर्षं नायलॉनचा दोरा ओढून आजींची बोटं गुळगुळीत झाली होती. मशीननं तीनदा लाल दिवा दाखवला. आजी उठायला लागल्या. "जाऊ दे पोरी, माझ्या हातावर आता काही उरलं नाही."

"असं कसं जाऊ दे? बसा हो." ठसेबाईंनी ओल्या फडक्यानं एकेक बोट पुसलं, मलम चोळलं, दोन्ही हात आपल्या हातात धरून ऊब दिली. मग आपल्या बोटांनी त्यांचं बोट काचेवर दाबून धरलं. सहाव्या खेपेला हिरवा लागला.

"याचं पुढं काय करणार गं?" आजींनी विचारलं.

"काही नाही. फक्त गोळ्यांसाठी."

"तू सांगतेस ना? मग झालं." आजींनी संमतीच्या फॉर्मवर अंगठा उठवला आणि औषध न्यायला मुलगा आला तर चालेल का, असं विचारलं. मुलगा गोदीत वेल्डर होता. ठसेबाईंनी त्याचीही नोंद त्याच दुपारी करून टाकली.

पुढं कायद्यात काही बदल झाला. दवाखान्यात कुणी त्याबद्दल बोललं नाही. एक माणूस येऊन मशीनमध्ये काहीतरी नवीन टाकून गेला, अर्धा तास काम बंद राहिलं, एवढंच.

त्यानंतर आठवडाभरात वेल्डर आईच्या गोळ्या न्यायला आला. घाईत होता, गोदीतून मधल्या सुट्टीत आलेला. नेहमीसारखा त्यानं अंगठा ठेवला. दिवा पिवळा लागला.

ठसेबाईंनी अडीच वर्षांत पिवळा दिवा पाहिला नव्हता. "बिघडलंय वाटतं," त्या म्हणाल्या. "पुन्हा लाव हं."

पुन्हा पिवळा.

"बाई, मी संध्याकाळी येतो ना. साहेब ओरडेल."

"अरे थांब, दोन मिनिटं. तुझ्या हाताला ग्रीस आहे." आणि त्यांनी त्याचा हात धरला, फडक्यानं अंगठा पुसला, नीट, नखाच्या कडेपर्यंत, आणि तिसऱ्यांदा काचेवर दाबून धरला. तेवढ्यात बाकावर बसलेले दोघे उठले. ठसेबाईंना ते पेशंट वाटले होते. एकानं वेल्डरच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "चला." वेल्डरनं आधी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यानं ठसेबाईंकडे पाहिलं. त्याचा अंगठा अजून त्यांच्या हातात होता.

महिनाभरात अशी एकेचाळीस माणसं धरून नेली. काही दवाखान्यातून, काही गोदीच्या फाटकावरून, काही घरांतून. राहण्याचे परवाने तपासणाऱ्या खात्याकडे नोंदी पोचल्या होत्या. ठसेबाईंनी कपाटातून कोरा फॉर्म काढला आणि पहिल्यांदाच पूर्ण वाचला. पहिलं पान त्या सगळ्यांना वाचून दाखवत. दुसरं कधीच नाही. रांग मोठी असायची, आणि पहिलं पुरे आहे असं दवाखान्याच्या साहेबांनीच सांगितलं होतं. दुसऱ्या पानावर खालून तिसरी ओळ होती: आवश्यकता भासल्यास ही माहिती इतर विभागांस उपलब्ध करून देण्यात येईल.

त्याच दिवसापासून त्यांना घरात ठसे दिसायला लागले. आधी कपाटाच्या काचेवर. मग पेल्यांवर, नळाच्या तोटीवर, स्विचच्या पाटीवर. ठसे सगळ्यांच्याच घरात असतात, पण ठसेबाईंना ते ओळखू यायला लागले. हा भोवरा त्या कोळशाच्या वखारीतल्या माणसाचा. ही मधे कापलेली रेघ त्या शिवणाऱ्या बाईची. तिच्या बोटात सुई मोडली होती. असं ओळखू येणं शक्य नाही हे त्यांना कळत होतं. तरी त्या फडकं घेऊन पुसत राहत, भर दुपारी, खिडक्या उघड्या टाकून. एकदा नवरा जेवायला घरी आला, तर त्या कपाटासमोर उभ्या.

"अगं, काच झिजेल आता."

"अहो, इथं बघा ना. हे कुणाचं आहे?"

"तुझंच. अजून कुणाचं असणार?"

त्या हात मागे घेऊन बसल्या. उजव्या तळव्यात त्यांना एक अंगठा जाणवे. गरम, जरासा ओलसर, निसटायला बघणारा. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तो मधेच तिथं असे. नवऱ्यानं प्रशस्तिपत्र गुपचूप उतरवलं. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. तो बघायला लागू नये म्हणून त्यांनी खुर्चीची दिशा बदलली.

दवाखान्याकडे वस्ती फिरकेनाशी झाली. गोळ्यांची खोकी सीलबंद पडून होती. पडद्यावर रोज नावांची यादी लाल व्हायची: डोस चुकला, डोस चुकला. जाळीवाल्या आजींचं नाव त्यात वरच असे.

शेवटी त्या पिशवीत गोळ्या घेऊन आजींच्या घरी गेल्या. आजी दारातच जाळं पसरून बसल्या होत्या. खोकला वाढलेला दिसत होता. त्यांनी ठसेबाईंना बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

"आजी, मला माहीत नव्हतं हो."

आजी गाठ मारत राहिल्या. "दिलेलं परत घेता येतं का?"

"नाही."

"माझंसुद्धा नाही? मी म्हातारी. माझ्या बोटांचं त्यांना काय करायचंय?"

"नाही, आजी. विचारलं मी."

"मग तू काय द्यायला आलीस?"

ठसेबाईंनी पिशवी पुढं केली. आजींनी ती घेतली नाही. "चार माणसं ऐकतील तिथं जाऊन सांग, काय केलंस ते. मी ऐकून काय करू? मला तर माहीतच आहे."

काही वकिलांनी त्या एकेचाळीस जणांसाठी कोर्टात अर्ज केला होता. ठसेबाईंनी त्यांना शोधून काढलं. साहेबांना कळलं तसं त्यांनी बोलावून घेतलं. "बाई, तुम्ही वाचून दाखवलं नाही असं म्हणालात, तर सगळं तुमच्या गळ्यात येईल. विचार करा." ठसेबाई म्हणाल्या, "गळ्यात आहेच, साहेब." डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सुनावणीच्या इमारतीत आत जायला फाटकावर अंगठा लावावा लागत होता. ठसेबाई काचेसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचा हात वर येईना. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. पहारेकरी चांगला माणूस होता. म्हणाला, "काही नाही हो बाई, फक्त आत सोडण्यासाठी आहे." अगदी त्यांच्याच आवाजात म्हणाला. त्यांनी अंगठा लावला.

आत खात्याच्या वकिलानं फॉर्मचा गठ्ठा दाखवला. "प्रत्येकानं संमती दिली आहे. हे पाहा, खाली अंगठे."

"ते अंगठे मी धरून लावलेत," ठसेबाई म्हणाल्या. "दुसरं पान मी कुणालाच वाचून दाखवलं नाही. मी स्वतःही वाचलं नव्हतं. आणि लोक विचारत होते. याचं काय करणार, असं प्रत्येकजण विचारत होता. मी सांगत होते, काही नाही."

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "ठसे न देता औषध घ्यायची सोय होती का?"

"होती."

"किती जणांना दिलीत?"

"एकालाही नाही."

"का?"

"मला जमत होतं म्हणून," ठसेबाई म्हणाल्या.

वकिलानं लगेच ते पकडलं. म्हणजे दोष धोरणाचा नाही, एका कर्मचारी बाईचा आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. निकाल मात्र पूर्णपणे खात्याच्या बाजूनं लागला नाही. दवाखान्याच्या नोंदी यापुढं कुणाला द्यायच्या नाहीत, आणि केवळ त्या नोंदींवरून धरलेल्यांना सोडायचं, असं ठरलं. आधी दिलेल्या नोंदी पुसण्याबद्दल विचारलं, तेव्हा खात्यानं लेखी कळवलं, की प्रती कुठं कुठं गेल्या हे आता सांगता येणार नाही.

वेल्डर सात महिन्यांनी सुटला. तोवर आजी अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलाला धरून नेलं त्या दिवसापासून त्यांनी एकही गोळी घेतली नव्हती. त्यांना मुलगा शेवटचे अकरा दिवस मिळाला.

ठसेबाई आता नवऱ्याच्या छापखान्यात पानं जुळवायला बसतात. कागदावर बोटं उमटत नाहीत, निदान दिसत तरी नाहीत. बंदराकडचा रस्ता त्या टाळतात. पण एकदा सकाळी पुठ्ठा आणायला तिकडे जावंच लागलं, आणि वखारीच्या वळणावर वेल्डर समोरून आला. अंगानं निम्मा झालेला. चुकवायला जागा नव्हती. दोघंही थांबले. त्यानं दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. मुद्दाम नसेल, सवय लागली असेल.

"आई विचारत होती," तो म्हणाला. "तुम्ही जाऊन सांगितलंत का म्हणून."

"सांगितलं."

"मी म्हटलं तिला, सांगितलं असेल. आणि त्या दिवशी मी संध्याकाळी येतो म्हणत होतो ना?"

"हो."

"मला वाटलं, मलाच उगीच तसं आठवतंय." त्यानं मान हलवली आणि चालू लागला. वळणापाशी समोरून एक हातगाडी आली. तिला वाट देताना त्याचा तोल गेला, तरी त्यानं खिशातून हात काढले नाहीत. ठसेबाई तो दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभ्या होत्या.