मागची जागा

माहेरचा समुद्र सोडून अठ्ठावीस वर्षं झाली आणि माझ्या हातात वल्हं आलं ते चंदीगडमध्ये. नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी, बदल्या होत होत आम्ही इथे पोचलो. सुखना तळ्यावर सकाळचं फिरताना मला कयाक दिसली, दोघांनी पुढेमागे बसून वल्हवायची लांबट होडी. मी फिरणं सोडून नाव नोंदवलं. नवरा लातूरकडचा, पाण्याशी संबंध टँकरपुरता. तोही आला, कारण मी त्याला विचारलंच नाही.

पहिल्याच दिवशी शिकवणारे सरदारजी म्हणाले, "मॅडमजी, आप आगे बैठो, पीछे सरजी को बैठने दो." का, तर मागे बसणारा होडीला दिशा देतो आणि तिथे वजनदार माणूस लागतो. आमच्यात वजनदार कोण हे त्यांना दिसत होतं, पण बोलायची चोरी. मी सरळ जाऊन मागे बसले.

हट्टाचं कारण जुनं आहे. माझं माहेर सिंधुदुर्गात, खाडीच्या काठावर. वडिलांची मासेमारीची होडी होती. भाऊ आठव्या वर्षापासून तीत जायचा. मला काठावरच्या खडकावर बसवायचे. बाईमाणूस होडीत चढलं की जाळं रिकामं येतं, अशी समजूत. जाळ्यातली मासळी पाटीत घालून बाजारात न्यायला मात्र मीच. तिथे माझा हात लागलेला चालायचा. मला तेव्हाही राग यायचा आणि तो अजून गेलेला नाही.

म्हणून गेल्या डिसेंबरात ठरवलं, की त्याच खाडीतून समुद्रात जायचं आणि मागे मी बसायचं. मुलगी फोनवर म्हणाली, "मम्मा, लेक में ठीक है यार, समंदर में पापा डूब जाएँगे." मी विचारलं, "आणि मी?" "आप नहीं डूबोगे," ती म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, आणि आईही कळते.

माहेरच्या धक्क्यावर भाऊ आला. भाड्याने आणलेल्या कयाककडे बघून नवऱ्याला म्हणाला, "भावजीनू, तुमी मागे बसा. हिका काय कळता?"

"मला पुढेच बरं वाटतं," नवरा म्हणाला आणि लाइफ जॅकेटचे पट्टे तिसऱ्यांदा आवळून पुढे बसला. त्या क्षणी तो मला फार आवडला.

सकाळच्या ओहोटीने आम्हाला अलगद बाहेर नेलं. पुढे तो कवायतीसारखं एक-दोन, एक-दोन मोजत होता, मी मागून दिशा धरत होते. चिखलावर निवट्या टुणटुणत होत्या. "हे मासे चालतायत," तो म्हणाला. खारफुटीच्या मुळांत एक ऊद, म्हणजे पाणमांजर, दोन्ही पंजांत कुर्ली धरून खात होता. आमच्याकडे बघितलं आणि खात राहिला. खाडीच्या तोंडाशी समुद्री गरुडाने आमच्या डोळ्यांदेखत पाण्यातून साप उचलला. नवऱ्याचं मोजणं थांबलं.

"इथे साप असतात?"

"आता एक कमी झाला."

बाहेरच्या बेटावर पुळणीच्या वाळूत बसून डबा खाल्ला. भरतीच्या पाण्याबरोबर परत फिरायचं असं माझंच ठरलेलं होतं. पण निघालो तेवढ्यात डॉल्फिन आले, पाच-सहा, इतके जवळ की त्यांचा श्वास ऐकू यायचा. आम्ही वल्ही आडवी ठेवून बसून राहिलो. वडिलांनी हे आयुष्यभर पाहिलं असणार, आणि घरी येऊन एकदाही सांगितलं नाही. मला रडू आलं आणि रागही आला, आणि त्यात भरती उलटली.

चूक माझीच. खाडीच्या तोंडाशी आलो तर पाणी जोरात बाहेर निघालेलं. दहा वल्ही मारावीत आणि तिथेच असावं. नवऱ्याचे दंड थरथरताना मला मागून दिसत होते. तेवढ्यात भाऊ इंजिनाची होडी घेऊन समोर आला, हातात दोर. "धर गो. पाणी भायर ओढता."

दोर धरला असता तर त्या खाडीत मी पुन्हा कधी मान वर करून आले नसते. नवऱ्याने मागे वळून बघितलं. "तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

मग मला आठवलं. इंजिनं नव्हती तेव्हा ओहोटीला होड्या मधून येत नसत. वळणाच्या आतल्या अंगाला, खारफुटीला घासून येत. तिथे पाण्याला जोर नसतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी होडीचं नाक तिकडे वळवलं.

"थय खडक आसा," भाऊ ओरडला.

तो खडक मला माहीत होता. मी त्याच्यावरच तर बसायचे. वीतभर अंतर ठेवून आम्ही त्याला वळसा घातला. एक-दोन, एक-दोन. इंजिन बारीक करून भाऊ आमच्या मागे मागे येत राहिला.

धक्क्याला लागलो. भाऊ आपल्या होडीत उभा राहून न वापरलेला दोर गुंडाळत होता. बराच वेळ गुंडाळत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुका ह्या कोणी शिकवल्यान?"

"तुमीच," मी म्हटलं. "काठार बसवन ठेवलास ना माका."