तिघींचा आल्टरनेटर

तीन बायकांनी मिळून एक जुनी गाडी घेतली, की तिच्यात पेट्रोलपेक्षा किस्सेच जास्त भरले जातात. कॉलनीत अजूनही कुणीतरी "तो ओव्हनचा सांगा की" म्हणून अडून बसतं. एक सांगता सांगता दुसरा आठवतो आणि गॅसवरचा चहा उतू जातो.

तिघी म्हणजे मी, शाळेत गणित शिकवते. शेजारची शबाना, घरी केक करून विकते. आणि मागच्या गल्लीतली विजयालक्ष्मी, आमची विजू, तिच्या घरी टॉवेलचे माग आहेत. ड्रायव्हिंग शिकलो ते याच गाडीवर. एक दिवस डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, तो विझेचना. इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर झिजला होता.

आमचे हे म्हणाले, "बास झालं आता. रविवारी गिऱ्हाईक आणतो, विकून टाका."

शबानाचे मिस्टर युसूफभाई टेम्पो चालवतात. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावून निकालच दिला, "ये औरतां का काम नै. हात बी नक्को लगाओ!"

झालं! त्याच दुपारी आम्ही बॅटरीची वायर सोडवली, पट्टा उतरवला आणि आल्टरनेटर काढून शबानाच्या ओट्यावर आणून ठेवला.

* * *

आत स्प्रिंगवर बसवलेले कार्बनचे दोन ब्रश असतात. आमचे झिजून नखाएवढे उरले होते. बेअरिंगही खरखरत होतं. नवीन सामान मापाचं मिळावं म्हणून विजूनं अख्खा आल्टरनेटरच टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला आणि आम्ही शेअर रिक्षात बसलो. शेजारच्या आजीबाईंनी सरकून जागा दिली.

"किती म्हैन्याचं हाय लेकरू?"

विजू वैतागलेलीच होती. "बारा वर्साचं हाय! चार्जच हुईना झालंय!"

आजीबाईंनी टॉवेलावरून मायेनं हात फिरवला. "लई कडक लागतंय गं. दृष्ट काढ की!"

* * *

आता तो ओव्हनचा.

बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलं की आकसतं, आणि ते ज्या कव्हरात बसवायचं ते तापवलं की फुगतं. मग हातोडीचे घाव घालावे लागत नाहीत. म्हणून बेअरिंग मटारशेजारी फ्रीजरमध्ये, आणि घासून धुतलेलं कव्हर शबानाच्या केकच्या ओव्हनमध्ये! तेवढ्यात तिच्या नेहमीच्या एक गिऱ्हाईक बाई दारात.

"काय भाजताय वो भाबी?"

शबाना घाईत होती. "आल्टरनेटर!"

"नवीन आयटम हाय व्हय? एगलेस मिळंल का?"

हसायलाही वेळ नव्हता. कव्हर गरम आहे तोवर काम उरकायचं होतं. विजूनं फडक्यात धरलं, मी वरून बेअरिंग सोडलं. टक्! एका दमात बसलं. आम्ही तिघी अशा किंचाळलो की त्या बाई ऑर्डर न देताच गेल्या.

* * *

रविवारी हे खरंच गिऱ्हाईक घेऊन आले. आल्टरनेटर गाडीत बसवलेला होता, पण सुरू करून बघितलं नव्हतं. सगळ्यांसमोर मी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पट्टा कर्कश ओरडला आणि लाल दिवा तसाच!

"ऱ्हाऊ द्या वैनी, मी बघून घेतो," ते गिऱ्हाईक म्हणालं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो!

विजूनं इंजिन बंद करायला लावलं आणि पट्ट्यावर अंगठा दाबला. "ढिल्ला हाय. असल्या पट्ट्यावर आमचा माग बी चालत न्हाय!" पाना घेतला, पट्टा ताणला. "आता मार चावी!"

दिवा विझला! मीटर लावलं, काटा चौदा व्होल्टच्या वर, म्हणजे चार्जिंग चालू. हेडलाईट, पंखा, वायपर, सगळं एकदम लावलं, तरी काटा हलला नाही.

"मग तर घेतोच गाडी!" गिऱ्हाईक म्हणालं.

"मग तर देतच नै!" शबाना म्हणाली.

तशाच निघालो, काही काम नसताना पार मोहोळपर्यंत. रस्त्यात एक मोटरसायकलवाला शेजारून ओरडला, "ओ बाई, वायपर चालू हाय! पाऊस न्हाय!"

"म्हाईत हाय!" तिघी एकदम ओरडलो.

* * *

पण सगळ्यात भारी किस्सा पुढच्या आठवड्यातला. आम्ही शबानाच्या स्वयंपाकघरात चहा घेत होतो. बाहेर युसूफभाई एका टेम्पोवाल्या दोस्ताशी फोनवर बोलत होते.

"अरे, हम घर में च बनाए आल्टरनेटर! खोले, धोए, बिठाए! उसमें क्या है?"

जरा वेळानं फोनवर तळहात दाबून युसूफभाई आत आले. आवाज अगदी हळू.

"शबाना, वो पूछ रहा... जोडते वक्त स्प्रिंग से बुरुश उछल के बाहर आते ना? तुम लोगां कायसे दबा के रखे थे?"

शबानानं केसातली पिन काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

युसूफभाईंनी पिन उलटसुलट करून बघितली. मग घसा खाकरून त्यांनी फोन कानाला लावला.

"उसका स्पेशल टूल आता भई! बाजार में नै मिलता!"