अक्कांची हार्डडिस्क

सोलापुरात, पूर्व भागात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारी यंत्रमागाचे कारखाने, त्यामुळे दुकानात बोलायचं तर आवाज चढवूनच बोलावं लागतं. दोनेक उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. दुपारी दारात रिक्षा थांबली आणि साठी ओलांडलेल्या एक बाई उतरल्या. मागून त्यांचा मुलगा जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर छातीशी धरून आला.

बाईंना सगळा भाग अक्का म्हणायचा, मीही तेच म्हणू लागले. अक्का चादरींची डिझाइनं काढायच्या. पूर्वी चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवून, नंतर कॉम्प्युटरवर. चादरीवर उमटणारा मोर आधी त्यांच्या स्क्रीनवर जन्माला यायचा.

"आतून टकटक आवाज येतोय गं," त्या म्हणाल्या. "आणि काम करता करता मधेच झोपतो."

टकटक म्हटल्यावर मी तो चालूच केला नाही. तो आवाज हार्डडिस्कचा, आणि शेवटच्या घटका मोजणारी डिस्क जितकी कमी फिरेल तितकं बरं. ती काढली, माझ्या मशीनला जोडली आणि तपासली. जागोजागी खराब झाली होती.

"फाइली निघतील बहुतेक," मी म्हणाले.

"नुसत्या फाइली घेऊन काय करू? त्या उघडायला ते सॉफ्टवेअर लागतं. देणारा माणूस दुकान बंद करून गेला. सीडी कुठंच नाही."

म्हणजे फाइली नव्हे, आख्खी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवायला हवी होती. क्लोनिंग. डिस्क धडधाकट असली तर चहा पिऊन होईपर्यंत होणारं काम.

मुलगा वैतागला होता. "मी म्हणतो, नवीन सगळं घेऊ. डिझाइनं परत काढू."

"कोण काढणार? तू?" अक्कांनी विचारलं.

माझे वडील तेव्हा मंगळवेढ्याहून डोळे तपासायला आले होते. दुकानातल्या खुर्चीत बसून ते सगळं ऐकत होते. मुलगा कामावर गेला, अक्का बसून राहिल्या. वडिलांनी हळूच मला विचारलं, "हुईल का गं?"

"बघू की, अण्णा."

पहिल्या वेळी काम निम्म्याच्या पुढं गेलं आणि अडलं. वाचता येत नाही, असा संदेश. केबल बदलली, पुन्हा केलं. त्याच जागी अडलं. नेहमीचं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर एकेक भाग क्रमानं वाचत जातं आणि खराब जागा आली की तिथंच डोकं आपटत बसतं. तोवर डिस्क इतकी तापली, की बोट ठेववेना.

मी ती बंद केली, निवू दिली, समोर टेबलफॅन लावला. मग दुसरा प्रोग्रॅम घेतला. हा खराब जागा दिसली की ती सोडून पुढं जातो, आधी चांगलं तेवढं सगळं उचलतो आणि मग राहिलेल्या जागांकडं परत येतो. हे मला आधीच सुचायला हवं होतं. पण तशी वेळच क्वचित येते.

संध्याकाळ होत आली तेव्हा काम संपलं. दोन-चार बारीक जागा सोडल्या तर सगळं नव्या डिस्कवर आलं होतं. मी ती अक्कांच्या कॉम्प्युटरमध्ये बसवली, बटण दाबलं. विंडोज सुरू होताना दिसलं, क्षणभर बिघाडाचा निळा पडदा चमकला आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पुन्हा निळा. पुन्हा तेच.

त्या दोन-चार जागांमध्येच विंडोजचं काही महत्त्वाचं गेलं असेल, तर आता मूळ डिस्ककडून आणखी काही मिळण्याची आशा नव्हती.

"असं याआधी कधी झालं होतं?" मी विचारलं.

"नाही गं. सकाळपर्यंत चालू होत होता. हितं आणायला म्हणून पहिल्यांदा वायर काढली. एरवी प्लग आम्ही काढतच नाही. लाइट गेली तरी इन्व्हर्टर आहे."

पहिल्यांदा वायर काढली! मी घाईघाईनं सेटिंगचा पडदा उघडला. तारीख कित्येक वर्षं मागची. आत मदरबोर्डवर एक बटणाएवढा सेल असतो, तो कधीचाच संपला होता. भिंतीतली वीज होती तोवर कुणाला कळलं नाही. वायर निघाली आणि मशीन सगळ्या सेटिंग्ज विसरलं. डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलायचं, तेही विसरलं. जुनं विंडोज जुन्या पद्धतीवर बसवलेलं, मशीन नव्या पद्धतीनं बोलत होतं. माझ्या क्लोनमध्ये काही दोष नव्हता!

सेल बदलला. तारीख लावली. डिस्कची पद्धत जुनी केली. बटण दाबलं.

पडदा काळा झाला, आणि मग अक्कांच्या नातीचा फोटो असलेला डेस्कटॉप समोर आला. मी टाळीच वाजवली. "आलं, अक्का, आलं!"

"आलं की!" म्हणत वडील खुर्चीतून उठले. त्यांना नीट दिसतही नव्हतं, पण आनंद माझ्याइतकाच होता.

अक्का पुढं सरकल्या, माउस हातात घेतला आणि सॉफ्टवेअर उघडलं. मोर आला. कोयऱ्यांची किनार आली. हत्तींची रांग आली. एकेक उघडून, मोठं करून त्यांनी बारकाईनं बघितलं. एकच फाइल उघडेना. मी बिचकत त्यांच्याकडं पाहिलं.

"ते कमळ होय? जाऊ दे," त्या म्हणाल्या. "एका व्यापाऱ्याच्या हट्टापायी काढलं होतं. मला कधीच आवडलं नाही." आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की शेजारच्या कारखान्यातला एकजण काय झालं म्हणून डोकावून गेला.

पुढच्या आठवड्यात अक्कांनी मला त्यांच्या मोराची चादर विणली जात होती त्या कारखान्यात बोलावलं. माग सुरू होता, बोललेलं ऐकू येत नव्हतं. खालून वर मोर विणला जात होता, आधी पाय, मग पोट, मग निळी मान. तुरा पूर्ण झाला तसा अक्कांनी माझा हात धरून त्या कापडावर ठेवला. मागाच्या थरथरीनं माझं बोट न् बोट थरथरत होतं. अक्का कानाशी येऊन ओरडल्या, "कसा आहे?"

"लई भारी!" मीही तितक्याच जोरात ओरडले.