डायवर ठोकलेला आकडा

ऑर्ला ट्वेइट चुकली, असं हार्मन गावात कुणी कधी ऐकलं नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं तिनं पोरांना जेवू घातलं. मीठ चाखून बघायची नाही, आणि कधी कमीजास्त व्हायचं नाही. काडतुसांचंही तसंच. दुकानातलं काडतूस तिनं आयुष्यात विकत घेतलं नाही. तळघरात बाकावर प्रेस बसवलेली. रिकाम्या पुंगळ्या घासायच्या, दारू तोलून भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. ती किती खोल बसवायची यावर ऑर्ला बोलायला लागली की समोरच्याची कॉफी थंडगार व्हायची.

बंदूक नवी होती तेव्हा सगळा हिवाळा घालवून तिनं काडतुसाची नेमकी लांबी शोधली होती. गोळी बसवणाऱ्या साच्यावर, म्हणजे डायवर, मग पंच आणि हातोडीनं आकडाच ठोकून टाकला. २१२. दोन इंचांच्या वर इतके हजारावे भाग.

"एकदा सापडला की सापडला," ती म्हणायची. "रोज उठून कोण लग्न करतं?"

आठ वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाची, आर्विडची बंदूक अचानक निशाणापासून लांब लांब मारायला लागली; त्याची काडतुसंही तीच भरायची, त्याच आकड्यावर. ऑर्लानं तोंडावर सांगितलं, "बंदुकीला काय धाड भरलीय? तुझे हात गेलेत." बिचाऱ्यानं ती विकून टाकली.

यंदा चोवीस वर्षं अर्ज केल्यावर डोंगरी मेंढ्याच्या परवान्याची चिठ्ठी ऑर्लाच्या नावानं निघाली. आयुष्यात एकदाच मिळतो. या पानगळीत मेंढा नाही मिळाला, तर विषय संपला. आणि ऑगस्टमध्ये दोनशे यार्डांवर तिच्या तीन गोळ्या तळहाताएवढ्या पसरल्या.

"नळी मेली," आर्विड म्हणाला. "माझी नवी घेऊन जा."

"तुझ्या बंदुकीनं तू शेडचं दार चुकवलंस."

"दार उघडं होतं."

तिनं स्क्रू आवळले, दुर्बीण बदलली, दारूचा काटा तपासला. पंधरा दिवस गेले. गोळ्या तशाच पसरायच्या. मग एका रविवारी तिनं एका रिकाम्या पुंगळीच्या तोंडाला करवतीनं चीर पाडली, त्यात सैलसर गोळी धरली, आणि ते बंदुकीत घालून बोल्ट हळूच बंद केला. नळीच्या आत कोरलेल्या आट्यांना टेकली की गोळी तेवढीच मागं सरकते. बाहेर काढून मोजायची.

२७२.

तिनं हातातल्या व्हर्नियर मोजपट्टीला शिवी दिली. पुन्हा मोजलं. पाचही वेळा २७२.

पूर्वी गोळी आट्यांपासून वीस हजारावे भाग मागं असायची. आता साठ. इतक्या वर्षांच्या आगीनं आट्यांची सुरुवातच खाल्ली होती. नळी तिच्या हातातच बदलत गेली, आणि ही आपली दरवेळी तोच ठोकलेला आकडा बघत राहिली.

तिला हट्टी म्हणणारे गावात ढीगभर आहेत. म्हणोत. हे तळघरात घडलं होतं. तिनं गप्प राहून लांबी बदलली असती तर कुत्र्यालासुद्धा कळलं नसतं. पण शनिवारी नेमबाजी क्लबच्या नाश्त्याला सगळे पॅनकेक खात असताना ती उभी राहिली.

"माझं चुकलं. दोनशे बारा कधीच मेला होता. आर्विड, तुझे हात ठीक होते."

आर्विडचा काटा हवेतच थांबला. "म्हणजे ती बंदूक..."

"विकायला नको होती."

"आठ वर्षं मी कॉफी पिताना हात बघतोय," तो म्हणाला. मग पॅनकेककडे वळला.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी रेंजवर जायची. गोळी आणि आट्यांमध्ये दहाची फट, वीसची, तीसची, प्रत्येकी तीन काडतुसं. जुनी वीसची फट काही चालेना. चोवीसवर तीन भोकं एकमेकांना चिकटली, पुन्हा बघितलं तरी चिकटली. २४८. डायवरच्या ठोकलेल्या आकड्यावर तिनं कागदी टेप लावली आणि पेन्सिलीनं लिहिलं.

सप्टेंबरात, नदीवरच्या कड्यांमध्ये, सहाव्या दिवशी मेंढा दिसला. दोनशे चाळीस यार्ड. आर्विड शेजारी पालथा पडून दुर्बिणीतून बघत होता. ऑर्लानं तीनदा श्वास सोडला. मेंढा वळून आडवा उभा राहीपर्यंत बोट हलवलं नाही. मग एकच बार.

"कुठं लागली?" तिनं विचारलं.

"जिथं तू बघत होतीस तिथं."

मांस खाली आणायला त्यांना दोन फेऱ्या लागल्या. घरी पहिल्याच रात्री बटाट्यांबरोबर भाजलेलं मांस खाताना ऑर्ला म्हणाली, "तुझी बंदूक घेतलेल्या माणसाला फोन केला होता. दुप्पट देते म्हटलं."

"मग?"

"देत नाही म्हणाला. फार सरळ मारते म्हणे."

आर्विडनं तिच्या ताटातला मोठा तुकडा उचलून आपल्या ताटात घेतला. तिनं बटाट्यांचं भांडंही त्याच्याकडे सरकवलं.