वाकडा पाय

स्टुडिओत सगळे त्याला कोळीवाला म्हणत. सिनेमाला लागणारी कबुतरं, ससे, पोपट तो पुरवायचा, पण नाव झालं ते ढमीमुळे. ढमी म्हणजे तळहाताएवढ्या केसाळ कोळ्याची मादी. पडद्यावर तिनं कितीतरी माणसं गारद केली. खरं तर ती चावली असती, तर गांधीलमाशी डसल्याइतकंच दुखलं असतं. उलट कंबरेएवढ्या उंचीवरून पडली असती, तर पोट फुटून तीच मेली असती. म्हणून शूटिंगच्या वेळी तो खाली गादी अंथरायचा. हिरोला साधी सतरंजी नाही आणि कोळ्याला गादी, अशी लोक त्याची टर उडवायचे.

ढमी खरी त्याच्या लेकीची. मोहरीएवढी होती तेव्हापासून पोरीनं वाढवलेली. पहिल्यांदा कात टाकायला ती उताणी पडली, तेव्हा मेलीच असं समजून बायको रडायला लागली आणि पोरगी पोट धरधरून हसली. कोळ्याची कात म्हणजे अख्खा रिकामा कोळीच. आठ पाय, केस, दातसुद्धा. पोरगी ती वाफेवर मऊ करायची, टाचण्या लावून पाय पसरायची आणि वाळली की पेटीत ठेवायची. शेवटची कात तिनं अंगात ताप असताना मांडली. हात थरथरत होते, पुढचा एक पाय वाकडाच राहिला. बरी झाले की सरळ करीन, म्हणाली. ती बरी झालीच नाही.

बायकोनं सगळ्या पेट्या कपाटात ठेवल्या, आणि पुन्हा ते कपाट उघडलं नाही. ढमी मात्र जगली. या जातीच्या माद्या वीस-वीस वर्षं जगतात, त्याला कोण काय करणार?

मग एका सिनेमात दिग्दर्शकाला शेवट हवा होता तो असा, की हिरो ढमीला बुटाखाली चिरडतो. रबरी कोळी जवळून खोटा दिसत होता. कोळीवाल्यानं साफ नाही म्हटलं.

"एका कोळ्याचं काय एवढं घेऊन बसलात?" दिग्दर्शक म्हणाला. जमत नसेल तर उद्यापासून स्टुडिओत पाऊल टाकू नका, हेही सांगून मोकळा झाला.

घरी येऊन त्यानं कपाट उघडलं. आधीच्या काती लहान होत्या, पोरीनंतरच्या कुणी मांडल्याच नव्हत्या; ढमीच्या मापाची ती शेवटचीच. लेकीनं वाढवलेला जीव वाचवायचा, तर तिच्या हातचं शेवटचं काम द्यावं लागणार होतं. पेटी मांडीवर घेऊन तो कितीतरी वेळ बसून राहिला. निदान पाय तरी सरळ करावा असं वाटलं, पण हात धजेना.

शॉट एका दमात झाला. उरलेला चुरा त्यानं रुमालात गोळा केला. बायकोला काही सांगितलं नाही.

सिनेमा लागल्यावर तीच म्हणाली, ढमीला बघायला जाऊ. त्याला टाळता येईना. शेवटी पडद्यावर भिंतीएवढा कोळी आला, बूट खाली आला, आणि थिएटरभर टाळ्या पडल्या. बायकोनं त्याचं मनगट घट्ट धरलं. ही आता आपल्याला कधीच माफ करणार नाही, असं त्याला वाटलं.

"तो वाकडा पाय होता ना?" तिनं विचारलं.

"हो. ते ढमीलाच मारायला मागत होते."

सगळे बाहेर पडेपर्यंत ती रडत राहिली. मग तोंड पुसून म्हणाली, "अहो, पुढच्या खेळाची तिकिटं काढा."

पुढच्या खेळाला तिनं तो पाय डोळे भरून पाहिला, आणि बूट यायच्या आत डोळे मिटून घेतले.