बॉनकरांचं कीर्तन

हस्केल अष्टमकरांशी कोणी भांडत नसे, आणि तेच त्यांचं दुखणं होतं.

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या महाराष्ट्र मंडळात तेव्हा, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, दोन तट पडले होते. नाटक बसवायचं की गाणं आणायचं, जेवणात श्रीखंड ठेवायचं की गुलाबजाम, अध्यक्ष पुण्याचा करायचा की नागपूरचा, यावरून रात्रंदिवस फोन खणखणत. हस्केलना मात्र कुठल्याच तटाचा फोन येत नसे. ते हॉलमध्ये शिरले की जो तो उठून खुर्ची देई, "बसा ना काका" म्हणे आणि त्यांच्या मराठीची तारीफ करी. आता मराठी ही त्यांची जन्माची भाषा; तिची तारीफ कसली करायची? पण नवी मंडळी त्यांना ख्रिस्ती समजत, जुनी पारशी समजत, आणि ज्यांना खरं ठाऊक होतं ती तर आणखीच जपून बोलत.

रविवारी सकाळी शेजारच्या गावच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, अभ्यासवर्ग भरे. तिथे जमायचंच मुळी भांडायला. न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या कारखान्यांत जन्म घालवून आता लेकीसुनांकडे राहायला आलेले म्हातारे टेबलावर मुठी आपटून एकमेकांना गाढव ठरवत आणि मग एकमेकांच्या कपात कॉफी ओतत. हस्केल बोलायला लागले की मात्र सगळे गप्प. मान हलवून ऐकत, "व्हेरी इंटरेस्टिंग, मिस्टर अष्टमकर" म्हणत आणि पुन्हा आपल्या भांडणाला लागत. एखादा नवखा हळूच विचारी, "तुम्ही ज्यू कधी झालात?" हस्केल सांगत, "झाली की दोनेक हजार वर्षं. आता सवय झालीय." तोही हसे, पण जपूनच.

कुलाबा जिल्ह्यातल्या अष्टमीचे, म्हणून अष्टमकर. बेने इस्राएल. फार पूर्वी जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागलेल्या ज्यूंचे वंशज, असं त्यांच्यात सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा फिरवला आणि शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी, तो थांबवला, म्हणून गावानं नाव ठेवलं शनिवार तेली. हस्केलचे वडील दावीदबुवा कीर्तन करत. डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं, आणि रसाळ मराठीत अब्राहामाचं नाहीतर योसेफाचं आख्यान. लहानपणी हस्केल झांजा घेऊन मागे उभे असत. पुढे उभं राहायचा धीर मात्र त्यांना कधी झाला नाही. मग मुंबईत ड्राफ्ट्समनची नोकरी, लग्न, सत्तर साली अमेरिका, इथेही ड्राफ्टिंग टेबल. झांजा माळ्यावर गेल्या त्या गेल्याच.

अभ्यासवर्गात नेथन क्रुपनिक नावाचा एक म्हातारा होता. उभा जन्म कापड कापलं, युनियनसाठी तुरुंगाची हवा खाल्ली, आणि देव या विषयावर तो फक्त विनोद करी. एका रविवारी त्यानं एक जाडसर चरित्र हस्केलच्या हातात कोंबलं. "वाच. चांगला भला समाजवादी होता, म्हातारपणी बिघडला," एवढंच बोलून तो दुसऱ्या कोणाच्या अंगावर ओरडायला गेला.

हस्केलनी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. एकोणिसाव्या शतकातला, ऱ्हाइन नदीकाठच्या बॉन गावचा हा ज्यू. जर्मनीत समाजवाद हा शब्दही नवा होता, तेव्हाचा तो समाजवादी. पॅरिसच्या कामकऱ्यांत राहिला, एका गरीब ख्रिस्ती बाईशी संसार केला, मित्रांनी त्याला चेष्टेनं कम्युनिस्टांचा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हटलं. माणूसजात एक आहे, धर्म आणि जमाती तिच्यात विरघळून जाणार, असं त्यानं वीस वर्षं सांगितलं. आणि पन्नाशीला आल्यावर लिहिलं की नाही, ज्यूंनाही स्वतःचं घर हवं, जुन्या भूमीत, आणि तिथली जमीन सगळ्यांच्या मालकीची असावी. समाजवादी हसले. ज्यू म्हणाले, आम्ही जर्मन आहोत, आम्हाला कशाला ओढतोस. ज्यू राष्ट्राची चळवळ उभी राहिली तोवर याला जाऊन वीस वर्षं उलटून गेली होती.

"म्हणजे ना इकडचा, ना तिकडचा," मालिनीबाई म्हणाल्या. नवरा जेवणाच्या ताटावर वाचतो हे त्यांना मुळीच आवडत नसे.

"आपल्याकडे जन्मला असता तर बॉनकर झाला असता," हस्केल म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्या घरात त्याचं नाव बॉनकरच पडलं.

दिवाळीच्या तोंडावर मंडळाची सेक्रेटरी वसुधा सगळ्यांना फोन करत सुटली. पुण्याहून येणाऱ्या गायकाचा व्हिसाच झाला नव्हता.

"काका, प्रोग्रॅम कॅन्सल करावा लागणार बहुतेक. ती दुसरी पार्टी मला आता कच्ची खाईल!"

"मी कीर्तन करतो," हस्केल म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच उशिरा कळलं.

"वॉव! तुम्ही कीर्तन करता? कशावर?"

त्यांनी सांगितलं. वसुधानं 'बॉनकर' हे नाव दोनदा विचारून लिहून घेतलं.

"चालेल," वसुधा अखेर म्हणाली, "पण एक तास, काका. समोसे गरम आहेत तोवर. प्लीज."

"आणि सिनेगॉगच्या लोकांनाही बोलावतो."

"बोलवा, बोलवा. हॉल तरी भरेल."

मालिनीबाईंनी कपाळाला हात लावला. "अर्ध्यांना विषय कळणार नाही, उरलेल्यांना भाषा. तुम्ही उभे तरी कोणासाठी राहणार?"

"दोघांसाठीही," हस्केल म्हणाले. "एकदा दोन्हीकडच्यांना एका छपराखाली बसून ऐकू दे मी कोण ते. मग खुशाल शिव्या देऊ देत. हे नुसतं 'बसा ना काका' आता सोसत नाही मला, मालिनी."

 मालिनीबाईंनी आपली एक जांभळी साडी काढली आणि तिचा फेटा बांधून पाहिला.

मंडळानं घेतलेल्या शाळेच्या सभागृहात रविवारी दुपारी डावीकडे मंडळ बसलं आणि उजवीकडे सिनेगॉग. मधल्या वाटेनं जणू सरहद्दच आखली होती. तबल्यावर मंडळातलाच एक मुलगा, आणि पेटीवर प्रल्हाद होता. दिवसभर प्रयोगशाळेत बसणारा शास्त्रज्ञ, पण आजोबांच्या बोटाला धरून सोलापूरला शेकडो कीर्तनं ऐकलेला. हस्केल फेटा बांधून उभे राहिले. वडिलांच्या रीतीप्रमाणे आधी पूर्वरंग घेतला, म्हणजे आख्यानाआधीचं निरूपण: आपलं म्हणजे कोण? थोडं मराठीत, थोडं इंग्रजीत. आवाज चिरकला. मराठीत बोलताना उजवीकडचे छताकडे बघत, इंग्रजीत बोलताना डावीकडची मुलं खुर्च्यांखाली शिरत. दोन्ही बाजू अतिशय सभ्यपणे कंटाळल्या होत्या. आपण हरलो, हे हस्केलना स्वच्छ दिसलं. कसाबसा पूर्वरंग संपवून त्यांनी हात जोडले.

पूर्वरंग संपला, बुवांनी हात जोडले, की पुढे काय करायचं हे प्रल्हादाच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यानं पेटीचा सूर लांबवला आणि डोळे मिटून आरोळी दिली, "बोला, पुंडलिक वरदे..."

"हाऽरि विठ्ठल!" अख्ख्या डाव्या बाजूनं छप्पर दणाणून सोडलं. "श्री ज्ञानदेव तुकाराम!"

आणि मग सगळ्यांनाच कळलं. प्रल्हादानं जीभ चावली. वसुधा पडद्याआड गेली. मालिनीबाईंनी डोळ्यांवर पदर ओढला. उजवीकडचे रब्बी अगदी ताठ बसले होते, आणि नेथन क्रुपनिकनं मोठ्यानं विचारलं, "ते काय ओरडले?"

हस्केलना अष्टमी आठवली. दावीदबुवांच्या कीर्तनाला अर्धं गाव त्यांचं आणि अर्धं शेजाऱ्यांचं असे, आणि ही आरोळी तिथेही प्रत्येक वेळी उठे. बुवा रागावत नसत. ते हसून म्हणत, "तुमचा आला, बसू दे त्याला. आता आमच्याला बोलवू."

"त्यांनी त्यांच्या देवाला हाक मारली," हस्केलनी इंग्रजीत सांगितलं. आवाज आता अजिबात चिरकत नव्हता. "आमच्या गावात असंच होई. आता पाळी तुमची."

उजवीकडचे एकमेकांकडे बघू लागले. अशा कामात पुढे व्हायची कोणालाच सवय नव्हती. शेवटी उठला तो नेथन, ज्याचा देवावर काडीचा विश्वास नव्हता. बिचाऱ्याला दुसरी कुठली आरोळी येणार? त्यानं मूठ वर केली आणि गरजला, "लाँग लिव्ह द वर्कर्स!"

"विजय असो!" डावीकडून उत्तर आलं.

कोणी दिलं, कोण जाणे. मोठमोठाले डॉक्टर, इंजिनियर, गराजमध्ये दोन-दोन गाड्या असलेले, पण घोषणा कानी पडली की विजय असो म्हणायचं हे कॉलेजच्या मोर्च्यांपासून अंगवळणी पडलेलं. नेथन चकित झाला. त्यानं पुन्हा मूठ उंचावली, पुन्हा विजय असो झालं, या खेपेला उजवीकडूनही दोन-चार आवाज मिसळले, आणि मग हसू फुटलं ते आवरता आवरेना. रब्बी चष्मा काढून डोळे पुसत होते.

त्यानंतर हस्केलनी आख्यान लावलं, आणि काय लावलं! बॉन गाव उभं केलं. यरुशलेमच्या विध्वंसाच्या कथा नातवाला वाचून दाखवताना ज्यांची पांढरी दाढी आसवांनी भिजे ते आजोबा उभे केले. मित्र उभे केले, जे म्हणत, आत ये, पण तुझं ज्यूपण जोड्यांबरोबर बाहेर ठेव. भाऊबंद उभे केले, जे म्हणत, आत ये, पण तुझे ते कामकरी बाहेर ठेव. "आणि बॉनकर बापडा," हस्केल म्हणाले, "जन्मभर उंबऱ्यावरच उभा राहिला हो! त्याला दोन्ही घरं हवी होती."   इंग्रजी कुठे संपलं आणि मराठी कुठे सुरू झालं याकडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं.

कीर्तन संपलं तशी वसुधा तरातरा स्टेजवर आली.

"काका, एक तास सांगितला होता मी! दीड तास झाला. समोसे गार, मुलं रडताहेत, आणि ती दुसरी पार्टी म्हणतेय की मीच मुद्दाम तुम्हाला वेळ दिला. तुम्हाला काही कळतं की नाही?"

 मंडळात हस्केलना असं आजवर कोणी बोललं नव्हतं. तेवढ्यात बाजूनं नेथन आला, चेहरा लालबुंद.

"साफ चूक! पहिल्यापासून शेवटपर्यंत चूक! उंबऱ्यावर कसला उभा होता? आम्हाला सोडून गेला तो, एका झेंड्यासाठी! इतकी वर्षं वर्गात बसून तू हेच शिकलास, गाढवा?"

"सोडून गेला?" हस्केलनी फेटा काढून पेटीवर आपटला. "मरेपर्यंत कामकऱ्यांच्या चळवळीत होता तो! पुस्तक तूच दिलंस ना? मग वाचलंस का कधी? की नुसतं उशाला घेतलंस?"

"मी वाचलं नाही? मी?"

टेबल नव्हतं, म्हणून नेथननं बिचाऱ्या तबल्यावरच मूठ आपटली. हस्केलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते नेथनपेक्षाही मोठ्यानं ओरडत होते. सभागृह रिकामं होत आलं, कोणीतरी दिवे मालवायला लागलं. मालिनीबाई कोट घेऊन मागे उभ्या राहिल्या.

"अहो, चला ना घरी आता."

"थांब गं जरा," हस्केल म्हणाले. "आम्ही भांडतोय."