लिस्बनला तीन तास

"तीन तास म्हणजे काय खेळ आहे का, आई?" निखिल म्हणाला. "एकटी जायचं नाही. विषय संपला."

विषय माझ्या लेकीच्या बाळंतपणाचा. मीरा लिस्बनला, दिवस भरत आलेले, आणि हे चिरंजीव जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या स्वयंपाकघरात उभे राहून मला सांगणार, विषय संपला! मी म्हटलं, मुंबईहून म्युनिकला एकटी आले तेव्हा नाही काळजी वाटली ती? तेव्हा तुझं पोर सांभाळायचं होतं ना!

तसं त्याचंही अगदीच चूक नव्हतं. विमानाच्या तासांवरून आमच्या इथल्या मराठी आजी-आजोबांनी इतके घोळ घातलेत, की दोघं चहाला बसले तरी तिसऱ्याचा किस्सा निघतोच.

*

पटवर्धनकाकू लिस्बन फिरून आल्या. जाताना सव्वादोन तास, येताना चार. काकूंचा निष्कर्ष तयार: "परतीचा पायलट नवा होता, लांबून आणलंन."

तिथलं घड्याळ एक तास मागे असतं, हे मी त्यांना कागदावर आकडे मांडून दाखवलं. काकू म्हणाल्या, "असेल. पण पायलट नवाच होता."

*

पटवर्धनकाका तर एम.एस्सी. पण मनगटावर कायम भारताची वेळ, पुण्याच्या भावाला फोन करायला सोपं म्हणून.

एकदा ते एकटेच लंडनला निघाले. विमान सव्वाअकराचं. नऊलाच एअरपोर्टवर पोचले, मनगटाकडे बघितलं तर साडेबारा! विमान गेलं म्हणून कोणाला न विचारता माघारी फिरले. घरी येऊन त्यांनी चहा टाकला, तेव्हा कुठे ते विमान उडालं.

हा किस्सा निखिलने माझ्यावर फेकला. मी म्हटलं, "ते एम.एस्सी. आहेत. मी चौथी पास. मला घड्याळ बघता येतं."

*

आणि तास मोजायला मला कोण शिकवतंय? गेल्या वर्षी हा आणि केतकी, माझी सून, एकाच सकाळी बर्लिनला निघाले. त्याला ऑफिसचं विमान, तिला स्वतःची ट्रेन. "माझा एकच तास," म्हणून हा आदल्या दिवसापासून मिरवत होता.

एअरपोर्ट गाठायला दीड तास, सिक्युरिटीची रांग, वर विमानाला उशीर. हा हॉटेलवर पोचला तेव्हा केतकी जेवून, पाय पसरून बसलेली. मी फोनवर विचारलं, "म्हणजे विमानच हळू?" ती म्हणाली, "गेनाऊ, आई. अगदी बरोबर." गेल्या जन्मी माझीच मुलगी असणार.

*

मीराला दोन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. सोमवारी पहाटे मुलगी झाली. निखिल तेव्हा कामासाठी आठवडाभर हेर्त्सोगेनआउराखला. गुरुवारी दुपारी त्याचा मला फोन आला. मामा झाल्याचा आनंद दोन मिनिटं टिकला, मग भांडण जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू.

शनिवारी तो घरी येणार, रविवारी स्वतः मला लिस्बनला पोचवणार, तोवर मी घरातून हलायचं नाही. या वयात एकटीने निघायचं, विमान चुकलं तर, भाषा येत नाही, कोणाला विचारणार? आवाज चढतच चालला होता. मी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हटलं, "हळू बोल रे. तुझी भाची आत्ताच माझ्या मांडीवर झोपलीय."